आधी गोष्ट, मग नाव

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी. पण घरात त्या वयाची मुलं असतील तर आईबाबांनीही ऐकावं. विषय आहे साहित्याचे घटक: थीम, सेटिंग, कॅरेक्टर, सिम्बॉल, आयरनी. मुलांना यांच्या व्याख्या घडाघडा येतात. धडा समोर ठेवून ‘यात कुठं आहे ते दाखव’ म्हटलं की मात्र सगळा वर्ग खाली बघतो. म्हणून माझं सांगणं एकच: आधी गोष्ट, मग नाव.

सिम्बॉलचंच ऐका. तान्ह्या पोळ्याची सुटी संपून वर्ग भरला होता. ओरडून ओरडून अर्ध्या वर्गाचे घसे बसलेले. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “काल मारबत पाहायला कोण कोण गेलं?” हातच हात! मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मिरवून जाळतात तो बाईचा मोठा पुतळा; सोबत पुरुषाचा पुतळा असतो, तो बडग्या. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. इतवारी-महालातल्या मुलांना ती काय नवी? (या गर्दीत मुलांना पाठवायला नको म्हणणाऱ्या पालकांशी माझं पटत नाही. आपल्या गावाची रीत रस्त्यावर उतरल्याशिवाय कळत नाही.)

मी म्हटलं, “बांबूच्या कामट्या अन् कागद, एवढंच तर असतं. मग ‘ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ असं लोक तिला काहून म्हणतात?”

थोडा वेळ कोणी बोलेना. मग खिडकीजवळचा एक मुलगा उठला. “मॅडम, बडग्याच्या गळ्यात पाटी असते. महागाई, भ्रष्टाचार, जे असेल ते लिहून असते. मारबतीवर काहीच लिहून नसते. तरी समजते.”

“काय समजते?”

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “ज्याचं त्याला, मॅडम. माझ्या आजीनं गुडघेदुखी दिली. मी बीजगणित दिलं.”

वर्ग खो खो हसला, आणि मला हवं ते सगळं मिळालं. पाटी लावली की अर्थ एकच उरतो. पाटी नसली की तीच वस्तू प्रत्येकाचं दुखणं पोटात घेते. जुनी माणसं काळ्या मारबतीत इंग्रजांना मिळालेल्या, नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईला पाहतात, आजी गुडघे पाहते, नात बीजगणित पाहते. हे सगळं बोलून झाल्यावर मी फळ्यावर ‘सिम्बॉल’ लिहिलं. आधी गोष्ट, मग नाव.

पुढं रॉबर्ट फ्रॉस्टची दोन वाटांची कविता आली, तेव्हा मुलांनीच विचारलं, “मॅडम, ही वाट बडग्या की मारबत?” ती वाट म्हणजे नोकरी की लग्न की आणखी काही, हे कवीनं कुठंच लिहिलेलं नाही. मुलं अर्धा तास भांडली. गाईडमध्ये त्याचं एका ओळीत उत्तर असतं, आणि ती एक ओळच मुलांचं वाचन मारते असं मला मनापासून वाटतं.

बाकीचे घटक थोडक्यात. आयरनी शिकवायला ओ. हेन्रीची 1905 सालची नाताळची गोष्ट घ्या. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी हवी म्हणून बायको केस विकते. इथं वाचन थांबवा. नवऱ्यानं काय आणलं असेल, ते मुलांना सांगू द्या. मग पुढं वाचा: त्यानं घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेत. वर्गातून ‘अरेरे’ उमटलं की मगच ‘आयरनी’ हे नाव द्या.

सेटिंगसाठी, म्हणजे गोष्टीच्या स्थळकाळासाठी, तोच प्रसंग आपल्या मे महिन्यातल्या भर दुपारी घडवायला सांगा; काय काय बदलावं लागतं ते मुलं आपणच शोधतात. निवेदकासाठी एक परिच्छेद दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहायला द्या. वह्या तपासायला वेळ लागतो, पण त्या घरी नेऊन नीट वाचा, आणि चांगलं वाक्य सापडलं की दुसऱ्या दिवशी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. नमस्कार.