तांबड्या विंचवाचं विष, उंदराचं जनुक

[दृश्य: रात्र. जांभ्याच्या गडग्यावर अतिनील विजेरीचा झोत.]

रायगड जिल्हा, महाड तालुका. विजेरी फिरली आणि फटीतला विंचू हिरवट-निळा चमकू लागला. दिवसाउजेडी हाच तांबूस दिसतो. काळ्या इंगळीपुढे अगदीच लहान, पण विष कितीतरी जहाल. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, गार पडत जाणारे हातपाय आणि मग फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरलं आणि असंख्य जीव वाचले. ते कोकणाला ठाऊक आहे. याच विषाचा पुढचा प्रवास मात्र फार थोड्यांनी ऐकलाय, आणि तो ऐकायलाच हवा.

[दृश्य: नांगीच्या टोकावरचा थेंब, अगदी जवळून.]

हृदयावर घाला घालतात ती यातली सोडियम वाहिन्यांना, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या सोडियमच्या दारांना, छळणारी द्रव्यं. पण याच थेंबात इबेरिओटॉक्सिनही असतं, अवघ्या ३७ अमिनो आम्लांचं. त्याची माहिती १९९० साली प्रसिद्ध झाली. पेशीच्या पडद्यात एक पोटॅशियम वाहिनी असते, तिच्या तोंडाशी ते बाटलीच्या बुचासारखं घट्ट बसतं.

ही वाहिनी मोठी विलक्षण. पेशीतलं कॅल्शियम आणि पडद्यावरचा विद्युतदाब, दोन्ही तिला एकाच वेळी कळतात. दोन्ही वाढले की ती उघडते, पोटॅशियम बाहेर धावतं आणि उत्तेजित पेशी शांत होते. तिचं जनुक आधी फळमाशीत मिळालं. उंदरातलं १९९३ मध्ये. नाव केसीएनएमए१, उंदराच्या १४व्या गुणसूत्रावर.

[दृश्य: प्रयोगशाळा. अरुंद पट्टीवरून चालणारा उंदीर.]

विषानं वाहिनी बंद होते ती काही काळ. जन्मापासूनच ती नसेल तर? २००४ मध्ये हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले. ते जगले, पण चालताना तोल जाई, अंगाला कंप सुटे. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींची लय बिघडली होती. मूत्राशयाचा स्नायूही सारखा आकुंचन पावे. निरोगी स्नायूवर इबेरिओटॉक्सिन सोडलं तरी आकुंचन असंच वाढतं. विष आणि जनुक, दोन्हींची साक्ष इथे जुळते.

या वाहिनीला रक्तवाहिन्यांत एक जोडीदार प्रथिन लागतं. त्याचं जनुक काढलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढल्याचं २००० सालीच दिसलं होतं.

आणि विंचवाचा साठा एवढ्यावर संपत नाही. २००२ मध्ये याच विषातून टॅमापिन मिळालं. ते याच घराण्यातल्या धाकट्या वाहिनीला, केसीएनएन२ जनुकाच्या वाहिनीला, नेमकं रोखतं.

[दृश्य: बालरुग्ण तपासणी कक्ष.]

माणसात केसीएनएमए१ दहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यातल्या बदलामुळे एका कुटुंबात अपस्मार आणि अचानक होणाऱ्या अनियंत्रित हालचाली दिसल्याचं २००५ मध्ये नोंदलं गेलं. तशी लक्षणं असलेल्या मुलांच्या जनुकीय तपासणीत आता हे जनुकही पाहिलं जातं.