आधी वायर बघा म्हणा तेंका

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाशय, कार्यवाह आणि मंडळी,

मी विषय कळवला होता तो 'विज्ञानाच्या बातम्या आणि आपली टिंगल'. पत्रिकेवर छापून आलं 'विज्ञान आणि आपण'. मधल्या मधे टिंगल कोणीतरी गाळली. कोणी गाळली ते मला ठाऊक आहे, ते पहिल्या रांगेत बसलेत. पण मी टिंगलीवरच बोलणार आहे, कारण पेपरातली विज्ञानाची बातमी आपल्याकडे वाचली जाते ती टिंगल करायलाच. चहाच्या टपरीवर एकजण मोठ्याने वाचतो आणि उरलेले पाचजण शेरे मारतात. बातमी दोन दिवसांत विसरली जाते, शेरा दहा वर्षं टिकतो.

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. आपल्या बाजारपेठेत दुकानातल्या टीव्हीसमोर ही गर्दी होती. टाळ्या झाल्या, कोणीतरी पेढे आणले. टाळ्या थांबतायत तोच मागून आवाज आला, "चंद्रार पोचले. आता पनवेल ते इंदापूर!" टाळ्यांपेक्षा मोठा हशा झाला. बरोबरच आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या त्या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला विचारा, तो त्यातला खड्डा न् खड्डा नावानिशी सांगेल.

विनोद चांगला आहे, मी स्वतः हसलो. तक्रार एवढीच, की तो सगळ्यालाच चालतो. मंगळावर गेले, पण हायवे? कर्करोगावर औषध सापडलं, पण हायवे? ज्या विनोदाला बातमी वाचावीच लागत नाही, तो बातमीवरचा विनोद नव्हे. त्याखाली एक हिशेबही गृहीत धरलेला असतो, की तिकडचा पैसा इकडे वळवला असता तर रस्ता झाला असता. चांद्रयान-३ ला खर्च आला सुमारे ६१५ कोटी. महामार्गाचं काम हजारो कोटींचं, नुसत्या पैशाअभावी ते अडलेलं नव्हतं. ते अडलं भूसंपादनात, मोबदल्याच्या दाव्यांत, वनखात्याच्या परवानग्यांत आणि बदललेल्या ठेकेदारांत. चंद्रावर सातबारा नाही, हा इस्रोचा खरा फायदा. (हशा) बघा, आता बातमी वाचून विनोद झाला.

विनोदाची दुसरी जात मला फार प्रिय आहे. ज्याचा जो धंदा, त्यातून आलेला शेरा.

सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातून बातमी आली, की न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा वेगाने धावले. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून ते जमिनीखालून इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेकडे सोडले होते. अंतर ७३० किलोमीटर, आणि प्रकाशाला जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी ते पोचले. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा, त्यातले साठ. ओपेरा नावाच्या त्या प्रयोगातले लोक सभ्य होते. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन चुकला, अशी आरोळी त्यांनी ठोकली नाही. 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधून द्या' असं ते म्हणाले. आरोळी मथळ्यांनी ठोकली. जगभर विनोदांचा पाऊस पडला. न्यूट्रिनो चहा पिऊन, पैसे देऊन निघून गेला आणि मग दुकानात शिरला, या धर्तीचे. ब्रिटनमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जिम अल-खलिली यांनी तर जाहीर केलं, की हे खरं ठरलं तर मी टीव्हीवर माझी चड्डी खाऊन दाखवीन. आपण फक्त मिशी काढायच्या पैजा लावतो.

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो. आता पोरांना आइन्स्टाइनच्या सापेक्षतेबद्दल काय सांगावं या काळजीत टपरीवर बसलो होतो. शेजारी आमचा लाइनवरचा वायरमन. त्याने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "सर, आधी वायर घट्ट असा काय ती बघा म्हणा तेंका."

फेब्रुवारी २०१२ मध्ये कळलं की जीपीएसची वेळ संगणकापर्यंत आणणाऱ्या प्रकाशतंतूची जोडणी नीट आवळलेली नव्हती. घड्याळातही एक दोष होता, पण मुख्य गोम वायरीत. जूनपर्यंत न्यूट्रिनो मुकाट प्रकाशाच्या वेगमर्यादेत आले आणि प्राध्यापकांची चड्डी वाचली.

वायरमनला सापेक्षता कळत होती असं मी म्हणत नाही. त्याला मोजमाप कळत होतं. आकडा विचित्र आला की निसर्गावर संशय घेण्याआधी आपल्या सामानावर घ्यायचा, हे तो रोज विजेच्या खांबावर चढून शिकला होता. मी आइन्स्टाइनची काळजी करत होतो आणि तो जोडणीची. असा शेरा माझ्या लेखी विनोद नव्हे, परीक्षण आहे.

मंगळयानाचंही तसंच झालं. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती. खर्च सुमारे ४५० कोटी, प्रवास सुमारे ६५ कोटी किलोमीटर. पंतप्रधानांनीच सांगितलं, की किलोमीटरला सात रुपये पडले, रिक्षापेक्षा स्वस्त. देशभर तो हिशेब गाजला. आपल्या स्टँडवरचा रिक्षावाला सात रुपयांत मान वळवून बघतसुद्धा नाही, तेव्हा तो आपल्याला जरा जास्तच पटला. पण रिक्षा दर किलोमीटरला पेट्रोल जाळते. यान पृथ्वीच्या कक्षेतून सुटलं की सूर्याभोवती आपोआप जात राहतं, मधेमधे किरकोळ दुरुस्ती केली की झालं. खर्च निघण्याचा आणि पोचल्यावर थांबण्याचा. मधले कोट्यवधी किलोमीटर जवळजवळ फुकट. मंगळ आणखी लांब असता तर किलोमीटरचा दर अजून उतरला असता. असला हिशेब भाषणात शोभतो.

ती बातमी खरी कोणाला कळली सांगू? बंदरावरच्या लाँचीच्या मेकॅनिकला. यानाचं मुख्य इंजिन वाटेत सुमारे ३०० दिवस बंद होतं आणि मंगळाशी वेग कमी करायला तेच पेटायला हवं होतं. नाही पेटलं तर यान सरळ पुढे निघून जाणार. मेकॅनिक म्हणाला, आम्ही पावसात दोन महिने लाँच वर काढून ठेवतो, तर नारळी पौर्णिमेला इंजिन चालू होईपर्यंत जीव टांगणीला. हे तीनशे दिवस! इस्रोचीही नेमकी हीच काळजी होती. म्हणूनच २२ सप्टेंबरला त्यांनी ते इंजिन सुमारे चार सेकंद पेटवून बघितलं. त्या चार सेकंदांची बातमी सगळ्यांनी दिली, पण तिच्यातली धडधड आमच्या मेकॅनिकला ऐकू आली.

त्याच सुमारास न्यूयॉर्क टाइम्सने एक व्यंगचित्र छापलं. बंद दारामागे अंतराळातले उच्चभ्रू बसलेत आणि भारतीय शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. वाचक खवळले आणि ऑक्टोबरमध्ये पेपरला माफी मागावी लागली. या पेपराचा इतिहास गमतीचा आहे. १३ जानेवारी १९२० ला त्यांनी रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाची अग्रलेखात टर उडवली होती, की निर्वात पोकळीत ढकलायला काही नसतं, तिथे रॉकेट कसं चालेल, एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं. वायू मागे फेकला की रॉकेट पुढे जातं, त्याला टेकायला हवा लागत नाही, हे न्यूटनने केव्हाच सांगून ठेवलेलं. पेपराने चूकभूल छापली १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी! त्या अग्रलेखात आणि आमच्या वायरमनच्या शेऱ्यात फरक काय? ढंग दोघांचा एकच, तिरकस. पण वायरमन ज्या गोष्टीवर बोलला ती त्याने हाताने केलेली होती.

आता घरचं उदाहरण. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना कुठे मासळी मिळण्याचा संभव आहे ते कळवते. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान बघतो, पाण्याच्या रंगावरून हरितद्रव्य ओळखतो. थंड आणि कोमट पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, आणि त्यामागे मासळी येते. शास्त्र पक्कं आहे. पण ढग आले की उपग्रहाला पृष्ठभागाचं तापमान धड दिसत नाही. हे मी बंदरावर समजावून सांगितलं तर एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, विचारलं, "ह्यो मेसेज सगळ्यांकच येता मां? मग थंय माशांपेक्षा लाँचीच जास्त गावतल्यो."

लोक हसले, पण मला पुढचं व्याख्यान सुचेना. मासळी कुठे आहे हे सगळ्यांना एकदम सांगितलं, तर फायदा कोणाचा? ज्याचं इंजिन मोठं त्याचा. साध्या गिलनेट जाळ्याचा छोटा होडीवाला पोचेपर्यंत मोठ्या पर्ससीन जाळ्याचा लाँचवाला जाळं ओढून परत. एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरी रात्री किनाऱ्यावरून कोणते दिवे दिसतात ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. हा प्रश्न उपग्रहाचा नाही, पण उपग्रहाच्या बातमीत तो असायला हवा होता. बातमीदाराने विचारला नाही, तांडेलाने विचारला.

आंब्याचं थोडक्यात सांगतो, नाहीतर बागायतदार रात्रभर सोडणार नाहीत. २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेत जाऊ लागला. अट अशी, की त्यावर आधी गॅमा किरण सोडायचे, किमान ४०० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप), कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडे जाऊ नयेत म्हणून. ते काम लासलगावच्या केंद्रात झालं, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू वापरून. लगेच प्रश्न, असा आंबा रात्री चमकतो का? नाही चमकत. किरण आरपार जातात, आंब्यात राहत नाहीत. कोबाल्ट आंब्याला लागतसुद्धा नाही. त्याच वेळी बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली भारतात यायला वाट मोकळी झाली. त्यावर आमच्या एका बागायतदाराचं म्हणणं होतं, की पेटी गेली, फटफटी आली, रस्ता तोच. रस्त्याच्या विनोदांतला हा एकच मी पास करतो, कारण यात निदान बातमी वाचलेली आहे.

आणि आता दुखरी जागा. आपण कशाचीही टिंगल करतो म्हणतो ना? मग विजयदुर्गावर गेल्यावर आपण गंभीर का होतो? किल्ल्यावर साहेबाचे कट्टे आहेत. सांगितलं जातं, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने याच कट्ट्यांवर दुर्बीण लावून हेलियम शोधला. दरवर्षी त्या दिवशी तिथे हेलियम दिन साजरा होतो. भाषणं होतात. आणि त्या गर्दीतला एकही तिरकस माणूस तिरकस प्रश्न विचारत नाही.

त्या ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, ज्याचं नाव या शोधात लॉकियरबरोबर घेतात, तो गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे रंग सुटे केलेला पट्टा, पाहिला आणि त्यात सोडियमच्या रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा त्याला मिळाली. पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याची ती नव्हती. नुसत्या एका रेषेवरून नवं मूलद्रव्य मानायला बरेच रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तयार नव्हते. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीने ते एका खनिजातून काढून दाखवलं, तेव्हा तोंडं बंद झाली.

मग विजयदुर्ग कुठून आला? लॉकियर विजयदुर्गला आला होता, ही गोष्ट खरीच आहे. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाल्यावर. ती हकिगतही काही कमी नाही. बरोबर मेल्पोमेनी हे आरमारी जहाज, त्यावरच्या खलाशांना दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायची तालीम दिलेली. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटं, तेवढ्यात लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट टिपायचे. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली साधनं घेऊन जेऊरला बसले होते. एक हिंदी शास्त्रज्ञ, स्वतःची मोहीम काढून! त्यांचा दिन कोणी साजरा करत नाही.

हे मी एका १८ ऑगस्टला किल्ल्यावर, चारचौघांत बोललो. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. कट्ट्याकडे हात करून म्हणाले, "साहेब आयलो मां?"

"आला," मी म्हटलं.

"कट्टे असत मां?"

"आहेत."

"हेलियम असा मां?"

"आहे."

"मग सर, मधल्या तीस वर्सांसाठी कित्याक भांडतास?"

आता प्रश्न विचारा. आंब्याचे शेवटी घेऊ.