ब्लॅक एंजल्स आणि बिघडलेला ट्रान्सफॉर्मर

नमस्कार श्रोतेहो. आज एका अमेरिकन बँडच्या अल्बमांविषयी बोलायचं आहे. बँडचं नाव 'द ब्लॅक एंजल्स'. गाव ऑस्टिन, राज्य टेक्सास, सुरुवात 2004 सालची. अॅलेक्स मास गातो, ख्रिश्चन ब्लँड गिटार वाजवतो आणि ड्रमवर स्टेफनी बेली. बाकीचे सगळे सूर तिच्या ठेक्याच्या भरवशावर मोकळे सुटतात, म्हणून तिचं नाव लक्षात ठेवा.

यांचं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, पुढे काही घडतच नाहीये. एक ठेका धरला की तो सुटत नाही. एकच सूर मागे लांबत राहतो. पाच-सहा मिनिटं तेच ते. आणि मग कधीतरी जाणवतं की आपण मघापासून मान डोलावतोय. गुंगी येते ती या पुनरावृत्तीतून. आणि या सगळ्यावर पसरलेली असते ती फाटलेल्या आवाजाची गिटार. गणपतीच्या मांडवात कर्ण्याचा आवाज क्षमतेपेक्षा जास्त वाढवला की जसा फाटतो ना, तसा. फरक एवढाच की इथे तो मुद्दाम फाडलेला असतो. त्याला म्हणतात फझ.

हा फझ आला कुठून, ती गोष्ट मला सांगायलाच हवी.

अमेरिकेतलं नॅशव्हिल शहर. 1960 साल संपत आलंय. मार्टी रॉबिन्स हा कंट्री संगीतातला मोठा गायक 'डोन्ट वरी' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित करतोय. गाणं अगदी हळवं, संथ. मध्ये ग्रेडी मार्टिन या वादकाचा सहा तारांच्या बेस गिटारवरचा एकल तुकडा आहे. तो वाजवायला लागला आणि स्पीकरमधून गिटारऐवजी भलतंच काहीतरी गुरगुरायला लागलं. झालं होतं असं, की त्याच्या गिटारची वायर मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, ज्या चॅनेलला जोडली होती, त्यातला ट्रान्सफॉर्मर बिघडला होता.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? थांबवलं असतं, वायर दुसरीकडे जोडली असती, पुन्हा वाजवायला सांगितलं असतं. खुद्द मार्टिनलाही तो आवाज आवडला नव्हता. पण निर्मात्याने तो तसाच ठेवला. त्या हळव्या गाण्याच्या मधोमध तो घोगरा, फाटका आवाज तसाच राहिला. 1961 मध्ये गाणं बाहेर आलं आणि कंट्रीच्या यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं.

मग व्हायचं तेच झालं. इतर कलाकार त्या स्टुडिओत येऊन म्हणायला लागले, आम्हालाही तोच आवाज पाहिजे. आणि तोवर तो चॅनेल कायमचा बंद पडलेला! जो बिघाड हवा होता, तोच हाताशी उरला नव्हता. तेव्हा ध्वनिमुद्रण करणारा इंजिनिअर ग्लेन स्नॉडी कामाला लागला. नेमकं काय बिघडलं होतं ते त्याने शोधलं, आणि तोच बिघाड ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, त्याच्या आत असतो तो छोटा इलेक्ट्रॉनिक भाग) वापरून मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं. त्याच्या जोडीला होता रेव्हिस हॉब्स. हा हॉब्स कोण, तर नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओचा इंजिनिअर. म्हणजे या आवाजात आकाशवाणीच्या जातकुळीच्या माणसाचा हात आहे, आणि हे माइकसमोर बसून सांगताना मला फार अभिमान वाटतो.

जाता जाता एक सांगतो. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपल्याकडे पुरेसा मान मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलेल्या माणसाला जे कळतं, ते वस्तू फेकून नवी घेणाऱ्याला कधीच कळणार नाही. बिघाड उघडून बघणारा माणूस समाजात असलाच पाहिजे. असो.

तर स्नॉडीचं ते सर्किट गिब्सन कंपनीने घेतलं आणि 1962 मध्ये पायाने दाबायची एक डबी बाजारात आणली, 'माएस्ट्रो फझ-टोन'. आत तीन ट्रान्झिस्टर, चालायची पेन्सिल सेलवर. कंपनीची जाहिरात अशी की गिटारमधून ट्रम्पेट, ट्युबा, चेलोचा आवाज काढा. दुकानदारांनी माल भरून ठेवला, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग 1965 मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट तिच्यावर वाजवली. त्याचा बेत होता की पुढे तिथे पितळी वाद्यं घालायची, ही नुसती खूण. तीच खूण तशीच छापून बाहेर पडली, जगभर गाजली, आणि वर्ष संपेपर्यंत दुकानांतल्या डब्या संपल्या.

पुन्हा सांगतो: बिघडलेला ट्रान्सफॉर्मर, मग ट्रान्झिस्टरची डबी, मग साठच्या दशकातले गॅरेजमध्ये वाजवणारे असंख्य पोरांचे बँड. त्यातलाच ऑस्टिनचा एक, '13थ फ्लोअर एलिव्हेटर्स'. ब्लॅक एंजल्स स्वतःला त्याच घरातले मानतात. त्या बँडचा गायक रॉकी एरिक्सन, त्याच्यासोबत 2008 मध्ये हे वाजवायला उभे राहिले. त्याच वर्षी त्यांनी ऑस्टिनमध्ये एक महोत्सव सुरू केला. पुढे त्याला 'लेव्हिटेशन' हे नाव पडलं, तेही एलिव्हेटर्सच्याच गाण्यावरून.

बँडचं स्वतःचं नाव मात्र न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'च्या एका गाण्यातलं. त्या बँडमधला जॉन केल आधी ला मोंट यंग या अमेरिकन संगीतकाराबरोबर तासन्‌तास एकच सूर धरून वाजवायचा. आणि हाच यंग 1970 मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. किराण्याचा स्वरलगाव ज्यांच्या कानात बसलाय, त्यांना लांबलेल्या सुराची गोडी मी काय सांगणार!

अल्बमांचं थोडक्यात. पहिला 'पासओव्हर', 2006 चा. युद्धाची काळी सावली त्यावर आहे. एका गाण्याचं नावच 'द फर्स्ट व्हिएतनामीज वॉर'. माझ्या मते हाच सर्वांत चांगला. दुसरा 'डायरेक्शन्स टू सी अ घोस्ट', 2008. तो जास्त लांब, जास्त दाट, शेवटचं गाणं तर 16 मिनिटांचं. त्याला वेळ काढूनच बसावं लागतं. 2010 च्या 'फॉस्फीन ड्रीम'मध्ये गाणी आखूड झाली, साठच्या दशकातल्या पॉपची चव आली. नव्या श्रोत्याने तिथून सुरुवात केली तरी चालेल. 2017 चा 'डेथ साँग' पुन्हा गडद वळणाचा.

एक विनंती मात्र आहे. कुठलाही अल्बम घ्या, पण त्यातली गाणी उलटसुलट क्रमाने ऐकू नका, आणि भांडी घासताना मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच नको. खालचे सूर त्यातून येतच नाहीत, आणि खालच्या सुरांवरच हे सगळं उभं आहे. क्रमाने ऐका, सलग ऐका.

तर आता लावतोय 'पासओव्हर'मधलं पहिलंच गाणं, 'यंग मेन डेड'. रेडिओचा आवाज थोडा वाढवा.