मोहरीच्या पानावरचा माग

जानेवारीत ग्वाल्हेरहून मुरैनाच्या दिशेने निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरीची, इथल्या बोलीत सरसोंची, पिवळी शेते लागतात. या पिकाच्या शेंड्यांवर मावा बसतो आणि रस शोषतो. त्याच्या मागावर जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक परोपजीवी गांधीलमाशी असते. डायरेटिएला रेपी हे तिचे शास्त्रीय नाव. ती माव्याच्या अंगात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते, आणि अखेर पानाला चिकटलेले फुगीर, तपकिरी कवच तेवढे उरते.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जी झिणझिणी जाते, ती आणणाऱ्या द्रव्यांच्या वासाकडेच ही माशी ओढली जाते. वास तिला पिकापर्यंत पोहोचवतो; पानावर मात्र तिला मिशांनी चाचपत पायीच फिरावे लागते, आणि गणिताचे काम इथे सुरू होते.

1935 मध्ये कीटकशास्त्रज्ञ निकोल्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ बेली यांनी अशा माशीचे हे किडे शोधणे निव्वळ योगायोगाचे मानले. त्या हिशेबाने प्रत्येक किड्याशी माशीची सरासरी एकदा गाठ पडत असली, तरी सुमारे 37 टक्के किडे सुटतात, कारण काहींना ती दोन-तीनदा भेटते आणि काहींना एकदाही नाही. 1959 मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉलिंग यांनी डोळे बांधलेल्या सहायकाला टेबलावर टाचलेल्या सँडपेपरच्या चकत्या बोटाने शोधायला लावले. चकती उचलण्यात गेलेला वेळ शोधातून वजा होतो, त्यामुळे चकत्या कितीही वाढवल्या तरी सापडण्याच्या वेगाला मर्यादा येते, हे त्यातून दिसले. इतक्या साध्या साहित्यावर उभा राहिलेला हा प्रयोग आजही हेवा वाटावा असाच आहे.

माशी मात्र आंधळी कोशिंबीर खेळत नाही. माव्याचा गोड, चिकट स्राव पायाला लागला किंवा एक मावा सापडला, की अशा माश्या सावकाश चालू लागतात आणि वरचेवर वळतात. हीच चाल संगणकाला शिकवली, तर पडद्यावरच्या आभासी माशीच्या वाटेची रेषा जिथे गुंतलेली दिसते, तिथे तिला नुकतेच यश मिळाले आहे. पान सोडण्याचा नियम 1979 च्या एका गणिती प्रतिमानातून (मॉडेलमधून) येतो: थांबण्याची ओढ वेळेनुसार ओसरते, प्रत्येक अंड्यानंतर थोडी वाढते, आणि ठरावीक पातळीखाली उतरली की माशी उडते.

त्यामुळे दाट वसाहतीवर ती रेंगाळते, विरळ पानांवरचे एकटेदुकटे मावे वाचतात. निकोल्सन-बेलींच्या गणितात मावा आणि माशी या दोघांच्याही संख्या वाढत्या हेलकाव्यांनी कोसळतात. शोध असा असमान धरला, तर ते हेलकावे शमू शकतात.