तोंडात खर्रा नाही, कळ आहे

(नागपुरात प्रतापनगर भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी एक विनंती. तो कूलर जरा तिकडे वळवता का? झोत थेट माझ्या उजव्या गालावर येतोय. हं, झालं. आभारी आहे.

बोर्डावर विषय लिहिलाय, ‘चेहऱ्याची कळ आणि जबड्याचा कंप चारचौघांत कसा सांभाळावा’. त्यावर येतोच. पण एक गोष्ट तीन वर्षं मनात आहे. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

नोव्हेंबर महिना म्हटला की आपण पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला निघतो. मीही गेलो होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. सकाळची वेळ, दार सताड उघडं आणि बाहेरून गार वारा आत येत होता. लाईन मोठी होती. तासाभराने माझा नंबर लागला. खिडकीतल्या मुलाने मान वर न करता विचारलं, ‘नाव?’ मी तोंड उघडलं. माझ्या नावातलं पहिलं अक्षर ओठाला ओठ लावून म्हणावं लागतं. ओठ लागले आणि कळ निघाली. नाकपुडीजवळून सुरू झाली, वरच्या ओठावरून खाली हनुवटीपर्यंत गेली. उघड्या तारेला हात लागावा तशी. मी तोंड घट्ट मिटलं, डोळे मिटले, हात वर करून ‘थांबा’ अशी खूण केली.

त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, आधी थुकून या न. खर्रा खाऊन लायनीत लागता तुम्ही लोक.’

मागे चारपाच जण हसले. मला ‘नाही’ म्हणायचं होतं. पण राजेहो, ‘नाही’ म्हणायलासुद्धा जबडा लागतो. पहिली कळ ओसरली तोच दुसरी आली. मी लाईन सोडून भिंतीशी जाऊन उभा राहिलो. समोर त्या भिंतीच्या कोपऱ्यात खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांचे डाग होते. एकतीस वर्षं शाळेत मास्तरकी केली. पोरांच्या खिशातून खर्ऱ्याच्या पन्न्या काढल्या, त्यांच्या आईबापांना बोलावून समजावलं. आणि त्या दिवशी त्या डागांसमोर मी तोंड मिटून उभा होतो. दाखला न देता घरी आलो. सौभाग्यवतींनी विचारलं, ‘झालं का काम?’ मी मान हलवली आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो.

त्या मुलाला मी दोष देत नाही. आपल्या नागपुरात तोंड मिटून, मान किंचित वर करून ‘उं’ म्हणणारा माणूस दिसला की त्याच्या गालात खर्रा असतो, हे लहान पोरगंही सांगेल. चौकाचौकात पानठेल्यावर खर्ऱ्यासाठी पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटत बसलेले लोक आपण रोज पाहतो. त्याचा अंदाज अनुभवावर होता. पण त्या अंदाजापायी माझं बोलणं ऐकायला कुणी थांबलं नाही. मला आज बोलायचंय ते या थांबण्याबद्दल.

हे दुखणं काय आहे ते थोडक्यात सांगतो. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी चेहऱ्याची संवेदना वाहते. तिच्या तीन फांद्या : एक कपाळ-डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. बऱ्याच जणांत मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी या नसेच्या मुळाला टेकते. प्रत्येक ठोक्याला घासत राहते आणि नसेवरचं आवरण झिजतं. मग दात घासणं, दाढी, घास चावणं, बोलणं, वाऱ्याची झुळूक, अशा साध्या स्पर्शानेही करंट सुटतो. कळ काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची. पण एकामागून एक येऊ शकते. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. पन्नाशीनंतर जास्त दिसतं आणि बायकांत पुरुषांपेक्षा अधिक. 1773 साली लंडनमध्ये जॉन फॉदरगिल यांनी याचं सविस्तर वर्णन केलं. म्हणजे अडीचशे वर्षं झाली, तरी माझ्या दोन चांगल्या दाढा निघाल्या. कारण दुखणं दाताचं वाटतं. रुग्णालाही वाटतं आणि दात पाहणाऱ्यालाही. दाढा गेल्या, कळ जागच्या जागी. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘दाढी करताना ब्लेड कुठे लागलं की कळ येते?’ मी बोटाने जागा दाखवली. पण बोट गालापासून दोन इंच दूर थांबवलं, टेकवलं नाही. ते म्हणाले, ‘समजलं.’

आपल्याकडे मे महिन्यात सगळं शहर तोंड बांधून फिरतं. मुली दुपट्टा गुंडाळतात, गाडीवाले रुमाल बांधतात, नुसते डोळे दिसतात. लोक मला म्हणतात, मास्तर, तुम्हीही बांधा न. मला बांधता येत नाही. कापडाची कड गालाला लागली की संपलं. पंचेचाळीस डिग्रीत सीताबर्डीवरून उघड्या तोंडाने मी जातो. काहींना उलट रुमालाने आराम पडतो, वारा लागत नाही म्हणून. ज्याचं त्याने पाहावं.

आता माझ्या ताईबद्दल. तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला विचारूनच सांगतोय. तिला कळ नाही, तिचा जबडा थरथरतो. लोक दोन्ही एकच समजतात. चावण्याच्या स्नायूंना हुकूम याच पाचव्या नसेतून जातो हे खरं, पण कंपाचं मूळ बहुतेक वेळा मेंदूतल्या हालचालींच्या यंत्रणेत असतं. पार्किन्सन्समध्ये होतो, काही औषधांनी होतो, आणि डिस्टोनिया नावाच्या दुखण्यात स्नायू आपोआप आवळतात. ताईला तो डिस्टोनिया आहे. हळदीकुंकवाला गेली की बायका म्हणायच्या, ‘किती नामस्मरण चाललंय हो तुमचं!’ पहिल्यांदा ती हसली. पाचव्या वेळी तिने जाणंच सोडलं.

तिने स्वतःच एक युक्ती शोधली. लहानशी स्टीलची डबी असते तिच्याकडे. तीतली एक लवंग ती दाढेखाली धरते, आणि जबडा बराचसा शांत होतो. लवंगेच्या औषधी गुणाने नाही, दाताला काहीतरी लागलंय या जाणिवेने. या दुखण्यात अशा युक्त्या चालतात हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. कुणी हनुवटीला बोट लावतो, कुणी तोंडात काडी धरतो. ज्या स्पर्शाने माझी कळ सुटते, तसाच स्पर्श तिला आधार देतो. एकाच घरातले आम्ही दोघं.

चिठ्ठी आली आहे. हॉल साडेसहाला रिकामा करायचाय, सात मिनिटं उरली. विषय आता घाईने सांगतो, माफ करा.

एक, गोळी मनाने सुरू करू नका आणि मनाने बंद करू नका. साध्या दुखीच्या गोळ्या या कळेला फारशा लागू पडत नाहीत. कार्बामॅझेपिन बहुतेकांना उपयोगी पडतं. पण चक्कर येते, झापड येते, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. डॉक्टर तपासण्या सांगतील त्या करा. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन आहे : नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये मऊ गादीसारखा तुकडा बसवतात. कंपासाठी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

लग्नात जेवायचं तर कोमट वरण-भात दुसऱ्या बाजूने खा. आग्रह करणाऱ्याला आधीच सांगा. मेट्रोत एसीचा झोत पाहून जागा धरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कळ नसताना सांगा. कळ आल्यावर बोलता येत नाही, म्हणून आधी. खिडकीशी जाताच मी आता म्हणतो, ‘मला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, मध्येच थांबलो तर दोन मिनिटं द्या.’ आणि ही चिठ्ठी खिशात असते, मोठ्या अक्षरात, प्लास्टिक चढवलेली : ‘मला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. आत्ता बोलता येत नाही. दोन मिनिटांत ठीक होईन.’ दुसऱ्या दिवशी मी हीच घेऊन त्याच खिडकीवर गेलो. त्या मुलाने वाचली, उठला, आतून खुर्ची आणून दिली. नंतर म्हणाला, ‘काका, काल बोललो ते...’ पुढे त्याला बोलता येईना. मीही थांबलो.

दाराजवळच्या टेबलावर अशा कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी घ्या, आपापलं दुखणं लिहा.

माझी तीन मिनिटं उरली आहेत, ती मी ताईला देतो. तिला सुरुवात करायला वेळ लागेल. कुणी तिचं वाक्य पुरं करू नका. ताई, डबी घेतली का? ये, माईक खाली केलाय.