कपाटातलं कातडं

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडचा पारा किती उतरला हे बातम्यांत सांगायला लागले, की दोन-चार दिवसांत माझ्या दुकानात गर्दी होते. बूट, बॅगा, पट्टे, जॅकेटं दुरुस्त करणं हा माझा धंदा. वडिलांचाही हाच होता. पावसाळाभर माळ्यावर पडलेलं लेदरचं जॅकेट माणूस थंडी आली म्हणून खाली उतरवतो, झटकतो आणि काखेत मारून तसाच माझ्याकडे येतो. म्हणतो, "दादा, बघा ना, थंडीनं काय अवस्था झाली याची."

थंडीनं नाही हो. ते आषाढातच गेलं होतं, थंडीत उघडकीला आलं एवढंच. थंडी आपला वाटा उचलते, नाही असं नाही, पण कातड्याचा खरा वैरी ओल. आणि त्या ओलीला आपण स्वतः आत कोंडतो.

आधी माझीच चूक सांगतो. वडील गेल्यावर त्यांची हत्यारांची पिशवी जपून ठेवायची असं मी ठरवलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड कातडं. कातडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, मेणाचा गोळा, सगळं तिच्यातच असायचं. मी हत्यारं काढून घेतली, पिशवीला तेल चोळलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि लोखंडी पेटीत अगदी तळाशी ठेवली. वर कुलूप. दोन वर्षांनी पेटी उघडली तर प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब, पिशवीवर हिरवट-करडी लव आणि नाकात जाणारा कुबट वास. सावलीत वाळवली, तर जिथे घडी पडली होती तिथे चीर गेली. रोज लोकांना शहाणपण शिकवणाऱ्याच्या घरात हे!

झालं काय होतं? कातडं कधीच कोरडं ठाक नसतं. चांगल्या मऊ कातड्याच्या वजनात साधारण १२ ते १८ टक्के पाणीच असतं आणि ते असावंही लागतं, नाहीतर धागे कडक होतात. प्लास्टिकमध्ये बांधल्यावर दिवसा उष्णतेनं त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन बाहेर येतं. रात्री पत्रा गार झाला की तीच वाफ प्लास्टिकवर थेंब होऊन बसते आणि परत कातड्यावर ठिबकते. रोज वर-खाली, वर-खाली. मी पिशवीला न्हाणीघरात कोंडलं होतं म्हणा ना.

यात आपल्या नाशिकच्या हवेचा हात मोठा. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. आता आपल्याकडचा जानेवारी आठवा. दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे हात खिशातून निघत नाहीत. दुपारी लोखंडी कपाटात शिरलेली हवा पहाटे गारठली, की तिला न पेलणारं पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. ते सर्वांत गार जागेवर सुटतं, म्हणजे पत्र्यावर. आणि तुमचं जॅकेट पाठीनं त्याच पत्र्याला टेकलेलं असतं. म्हणून मागच्या बाजूला आणि खांद्यावर डाग आधी दिसतात. कपाट बाहेरच्या भिंतीला, त्यातून पश्चिमेच्या, चिकटवलेलं असेल तर विचारूच नका. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूची मंडळी हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. तिथे पावसाळ्यात भिंतींनाच घाम फुटतो.

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं. ४५ ते ५५च्या दरम्यान कातडं सुखात असतं. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, ते एक कपाटात टाकून ठेवा. अंदाजानं चालण्यापेक्षा बरं.

आता थंडीचा वाटा. तुमच्या न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली डोळ्यांसमोर आणा. साधारण २४ अंशांच्या खाली ते तेल गोठतं; मग आपण बाटली उन्हात ठेवतो किंवा गरम पाण्यात बुडवतो. कातड्याच्या आतही स्निग्धता असते, कमावताना ती मुद्दाम मुरवलेली असते. गारठ्यात तीही घट्ट होते, कातडं ताठरतं. अशा वेळी गारठलेला बूट मुडपून पाय कोंबला, जॅकेटची बाही जोरात ओढली, की जिथे दुमडलं तिथे रेघ उमटते. ती रेघ पुढे चिरेत जाते. पहाटे गाडीवर निघायचं असेल तर जॅकेट, हातमोजे रात्रीच खोलीत आणून ठेवा. घरात आहे तेवढी ऊब पुरते.

मागच्या हिवाळ्यात एक मावशी मुलाचे काळे बूट घेऊन आल्या. टाचेपासून पुढपर्यंत पांढरी पूड. "बुरशी लागली, टाकून देऊ का?" मी बूट हातात घेतला, पांढऱ्या भागावर तळवा दाबून धरला आणि त्यांच्याशी गप्पा मारत बसलो. मिनिटा-दोन मिनिटांत हात काढला, तर तेवढी जागा काळी कुळकुळीत. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, जादू!" जादू कसली? ती बुरशी नव्हतीच. आतली स्निग्धता गारठ्यानं वर येऊन गोठली होती, खोबरेलासारखी. ऊब लागली की ती विरघळते, मऊ फडक्यानं पुसली की काम झालं. बुरशी उबेनं जात नाही, तिला लव असते आणि वास तर तिचा लपत नाही. फेकण्याआधी एवढी परीक्षा कराच.

आणि म्हणूनच मी लेदरला खोबरेल लावू देत नाही. थंडीत ते वरच थिजतं. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, घरातलं कुठलंही खाण्याचं तेल काही महिन्यांनी खवट होतं. मधमाशीचं मेण घातलेलं लेदर क्रीम घ्या, अगदी थोडं, बोटाच्या टोकावर मावेल इतकं. माझ्या पिशवीला मी ओतून तेल लावलं होतं, तीही चूकच. तेलानं थबथबलेल्या कातड्यातून हवा खेळत नाही.

मला नेहमी एक प्रश्न येतो. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकोटीवर शेकतात, मग ओला बूट शेगडीजवळ ठेवला तर काय बिघडलं? प्रश्न बिनतोड आहे. पण हलगीचं कातडं कमावलेलं नसतं, कच्चं असतं, आणि कड्यावर ताणून बसवलेलं असतं. ओल धरली की ते ढिलं पडतं. जाळावरून दोनदा फिरवलं की वरची ओल उडते आणि आवाज चढतो. बसल्या जागी आवळायचं, एवढंच त्याला काम. बुटाचं तसं नाही. त्याला तेल-चरबी पाजून मऊ केलेलं असतं, वर त्याला तुमच्या पावलाचा आकार दिलेला असतो. ओल्या कातड्याला फार उष्णता लागली की त्याचे धागेच आक्रसतात. सालीत कमावलेलं कातडं ओलं असताना ७५-८० अंशांना आवळायला लागतं, आणि शेगडीच्या तोंडाशी तेवढं तापमान सहज असतं. आवळलेलं कातडं मग कोणी सैल करून देऊ शकत नाही, मीही नाही. द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवून बसणारे शेतकरी बंधू ऐकत असतील, तर त्यांना मुद्दाम सांगतो: पाय शेका, बूट लांब ठेवा.

ओला बूट असा वाळवायचा. आत कागदाचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला. वर्तमानपत्र चालेल, पण आतलं अस्तर फिकट असेल तर शाई उतरते, मग कोरा कागद. बूट आडवा ठेवा म्हणजे तळाला हवा लागेल. पंख्याचा वारा चालतो. ऊन नको, घाई झाली की लोक गच्चीवर टाकतात आणि संध्याकाळी माझ्याकडे लाकूड घेऊन येतात.

ठेवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी पुसा, कारण घाम आणि मळ हेच बुरशीचं खाणं. जॅकेट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर टांगा, घडी नको. प्लास्टिकऐवजी जुन्या धोतराची किंवा सुती साडीची पिशवी शिवा, उशीचा अभ्राही चालतो. पत्र्याच्या आणि जॅकेटच्या मध्ये चार बोटं जागा. पेटीच असेल तर तळाला लाकडी पट्ट्या टाका. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशी त्यांना मोजत नाही, आणि त्यांचा वास लेदरमधून लवकर जात नाही. आणि महिन्यातून एकदा, कोरडी दुपार बघून, कपाटाची दारं उघडून तासभर हवा खेळू द्या. आमच्याकडे वडील हे नवरात्रानंतर करायचे. पाऊस गेला की सगळं लेदर ओसरीवर सावलीत.

बुरशी लागलीच, तर घरात झटकू नका. घरभर पसरते. तोंडाला रुमाल बांधून अंगणात मऊ ब्रशनं झाडा, मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं पिळून पुसा. आधी आतल्या कोपऱ्यावर लावून बघा, काही रंग उतरतात.

ओल शोषणाऱ्या वस्तूंचं एक खूळ निघालं आहे. काही जण वाटीत मीठ ठेवतात. मीठ जागं होतं ७५ टक्के आर्द्रतेला. तोवर बुरशीनं संसार मांडलेला असतो. बुटाच्या खोक्यात आलेली सिलिका जेलची पुडी बहुतेक वेळा आधीच पाणी पिऊन तृप्त असते. रंग बदलणारे मणी मिळतात, ते घ्या. निळ्याचे गुलाबी झाले की बदला किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवा. निळे मणी स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र घालू नका, त्यात कोबाल्ट असतं. आणि ते कपाटात टांगायचे डबे, ज्यांच्या तळाला पाणी साठतं? ते पाणी साधं नसतं, कॅल्शियम क्लोराइडचं असतं. जॅकेटवर सांडलं तर कातडं आक्रसून खडखडीत होतं. असा डबा कपाटात ठेवायचाच तर कातड्याच्या वर कधीही टांगू नका.

पौष महिना येतोय. वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. दिंड्यांबरोबर पखवाजही निघतील. तो चढवणं-उतरवणं माझं काम नाही, पण एक गोष्ट माझ्या नजरेत येते. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक वाजवून झाल्यावर खरवडून काढायची असते. भजन संपतं, चहा येतो आणि कणीक तशीच राहते. ती ओल धरते, आंबते, झुरळं-उंदरांना आमंत्रण देते. तोंडावरचं कातडं खराब झालं की खापर थंडीवर! खोळ चढवण्याआधी कणीक काढा, ओलसर फडक्यानं पुसा, वाळू द्या.

पट्ट्याच्या बकलाजवळ हिरवं मेणचट काहीतरी साचतं, त्याला लोक बुरशीच म्हणतात. ते पितळ कळकलेलं असतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसंच. इथे कातड्यातली चरबी पितळेला लागते. लाकडी दातकोरण्यानं खरवडून काढा. रापी-सुरी लावू नका, पितळेवर चरे पडतात आणि त्यात ते परत धरतं.

शेवटी एक वाईट बातमी. पाच-सात वर्षं न घालता ठेवलेले बूट बाहेर काढले आणि चार पावलांत तळ भाकरीसारखा कुसकरला, किंवा जॅकेटची साल पापुद्र्यांनी सुटली, तर ते कातडं नव्हे. ते पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिकच. हवेतली ओल त्याला आतून तोडत राहते, वापरा वा न वापरा. त्याला क्रीम नाही, मेण नाही. बुटाचं वरचं अंग खरं लेदर असेल तर घेऊन या, तळ नवा बसवून देतो. जॅकेटचं मात्र माझ्याच्यानं काही व्हायचं नाही.

वडिलांची ती पिशवी दुकानात खुंटीला टांगली आहे, उघडीच. चिरेवर आतून ठिगळ दिलंय. रापी परत तिच्यातच असते.

नमस्कार.