भाऊ आणि दाजी, दोघं नव्हेत

(माटुंगा पूर्व, सकाळ. रस्त्याच्या नावाची पाटी. मागे गजऱ्यांच्या टोपल्या, एक हातगाडी, कॉलेजची पोरं.)

ही पाटी नीट बघा. भाऊ दाजी रोड. किंग्ज सर्कलला टॅक्सीत बसून नुसतं "भाऊदाजी" म्हटलं की ड्रायव्हर मान हलवतो, पुढे काही सांगायला लागत नाही. कुरियरवाला हेच नाव घेतो, दूधवाला घेतो, लग्नपत्रिकेवर तेच छापतात. म्हणजे हा माणूस जाऊन दीडशे वर्षं झाली तरी दिवसातून हजारदा त्याचं नाव घेतलं जातं, आता यापेक्षा मोठा मान काय असणार, असं आम्हालाही वाटायचं.

मग आम्ही कॅमेरा घेऊन या रस्त्यावर उभे राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारला. भाऊ दाजी कोण?

कॉलेजचा पोरगा म्हणाला लोकेशन टाका, येईल. एक काका म्हणाले स्वातंत्र्यसैनिक. अहो काका, स्वातंत्र्यसैनिक म्हटलं की मुंबईत निम्म्या पाट्या खपतात, पण नाही. एक काकू भाजीची पिशवी सावरत थांबल्या, विचार करून म्हणाल्या, "भाऊ म्हणजे भाऊ, दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, दोघांनी मिळून काहीतरी बांधलं असेल बघ." हे उत्तर आमच्या एडिटरला इतकं आवडलं की व्हिडिओचं नाव त्यावरनंच ठेवलं. सगळ्यात जवळ आल्या चाळीस वर्षं इथे राहणाऱ्या एक तमिळ मामी, त्या मराठीतच म्हणाल्या, डॉक्टर होते ना ते?

होते. डॉक्टरच होते.

भाऊ हे घरातलं हाकेचं नाव, दाजी वडिलांना म्हणायचे, आडनाव लाड. मूळ गाव गोव्यातलं, पेडण्याकडचं. मुंबईत शिकले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जे पहिले डॉक्टर बाहेर पडले त्यातले एक. गरिबांना फुकट तपासायचे. कुष्ठरोगावर एका झाडाच्या बियांचं तेल वापरून बघितलं, औषध नक्की काय ते मात्र बरेच दिवस सांगितलं नाही, म्हणून लोकांनी नावंही ठेवली. दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, म्हणजे शहरातलं मानाचं पद, १८६९ आणि १८७१. मध्ये १८६५ ला मुंबईत शेअरचा फुगा फुटला त्यात भल्याभल्यांबरोबर तेही बुडाले. एवढं सगळं एका माणसाचं, आणि ज्यासाठी आम्ही हा व्हिडिओ करतोय ती गोष्ट यात अजून आलीच नाही.

भाऊंना दगडांचं वेड होतं. म्हणजे दगडांवर कोरलेल्या अक्षरांचं. दिवसा पेशंट, रात्री शिलालेख. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख त्यांनी वाचून छापले, कालिदास कधीचा यावर लिहिलं, जुनी नाणी, ताम्रपट, पोथ्या, जे मिळेल ते गोळा केलं. आपल्याकडे हे काम करणाऱ्या पहिल्या काही देशी माणसांतले ते, तोवर हा सगळा साहेबांचा प्रांत होता.

(भायखळा. राणीची बाग. म्युझियमचा दर्शनी भाग, मग आतले खांब आणि कठडे.)

आणि हे. राणीच्या बागेतलं म्युझियम. लहानपणी आपण माकडं, पाणघोडा बघून दमायचो आणि मग घरचे म्हणायचे चला आत, जरा थंड असतं. त्याची गोष्ट अशी की फोर्टात टाउन बॅरॅक्समध्ये एक संग्रह मांडलेला होता, १८५७ ला बंडाच्या धामधुमीत सैन्याला जागा हवी झाली आणि ते सगळं सामान बाहेर फेकलं गेलं. मग जॉर्ज बर्डवुड नावाचा इंग्रज डॉक्टर, भाऊ आणि बाकीच्या मंडळींनी वर्गणी काढून नवीन इमारतीचं मनावर घेतलं. पायाचा दगड १८६२ ला बसला, दारं उघडली २ मे १८७२ ला. मधली दहा वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली, मुंबईकराला हे काही नवीन नाही. नाव ठेवलं राणी आणि तिच्या नवऱ्याचं, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. भाऊ १८७४ ला गेले आणि त्यांचं नाव त्या इमारतीला लागलं १९७५ ला. एकशे एक वर्षांनी. पुढे इमारतीची रया गेली, ती दुरुस्त होऊन २००८ ला परत उघडली, आता आत गेलात तर मान वर करून छत बघत बसाल.

बाहेर तो घारापुरीचा दगडी हत्ती आहे ना, ज्याच्यावरनं पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो साहेब लोक विलायतेला न्यायला निघाले होते, १८६४ ला उचलताना तो तुटला. तुकडे झाले म्हणून आपल्याकडे राहिला. १९१४ मध्ये जोडला. मला तरी त्या हत्तीला बघून दर वेळी जरा बरंच वाटतं.

पण आपण माटुंग्यात होतो.

माटुंग्याचा भाऊंशी संबंध काय? काहीच नाही. त्यांच्या काळात माटुंगा म्हणजे शहराच्या बाहेरचं रान आणि शेतं. १८९६ ला प्लेग आला, गिरगाव मांडवीकडे माणसं मरायला लागली, म्हणून १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यानं दादर माटुंगा आखून काढलं, रुंद रस्ते, झाडं, हवा. नवे रस्ते म्हणजे नवी नावं लागणार. आता या भागात फिरून बघा, भाऊ दाजी रोड, तेलंग रोड, भांडारकर रोड, सगळी पोथ्या-शिलालेखवाली मंडळी शेजारी शेजारी. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, हायकोर्टाचे जज्ज, भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर केलेले. रामकृष्णपंत भांडारकर, दख्खनचा जुना इतिहास लिहिणारे. जरा पुढे रुस्तम मसानींचा रस्ता, जे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि ज्यांनी मुंबईच्या विहिरींच्या लोककथा जमवून पुस्तक केलं, तेही मलेरियाच्या भीतीनं विहिरी बुजवल्या जात होत्या त्या काळात. अख्खी इतिहासाची मैफल डोशाच्या वासात बसलीय आणि खालून जाणाऱ्याला पत्ता नाही.

(गाडीतून. मरीन ड्राइव्ह, मग वाळकेश्वरचा चढ, तीन बत्ती.)

आता दुसरी पाटी. ही बघायला मुंबईच्या दुसऱ्या टोकाला यावं लागतं. वाळकेश्वर, बाणगंगेच्या जवळ. भगवानलाल इंद्रजित मार्ग.

इथे आम्ही प्रश्न विचारला तर कोणी अंदाजसुद्धा केला नाही. एकानं उलट आम्हालाच विचारलं, कुठल्या पार्टीचे?

हा जुनागढचा मुलगा. जन्म १८३९. घराजवळ गिरनारच्या वाटेवर एक भला मोठा खडक आहे, त्यावर तीन वेगवेगळ्या काळांतले लेख. अशोकाचा, रुद्रदामनचा, स्कंदगुप्ताचा, तिघंही जुने राजे. हा पोरगा जुन्या अक्षरांचा तक्ता मिळवून त्या खडकाशी बसायचा आणि एकेक अक्षर लावायचा. ही गोष्ट एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कानावर गेली, त्यानं भाऊंना कळवलं, आणि १८६२ च्या आसपास भगवानलाल मुंबईत दाखल. वय बावीस-तेवीस.

पुढची बारा वर्षं भाऊंसाठी हा माणूस हिंडला. बैलगाडीनं, पायी, जंगलातनं, नुसतं लेख उतरवायला. अजिंठा, राजपुताना, मथुरा, नेपाळ. मथुरेत १८६९ ला शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायरीत बसवलेला एक सिंहांचा दगड त्यांनी हेरला, त्यावर खरोष्ठी या जुन्या लिपीतली अक्षरं. वर्षानुवर्षं लोक त्या पायरीवर पाय देऊन जात होते! भाऊ गेले तेव्हा ते नेपाळच्या दौऱ्यावर होते.

इथे मला एक बोलायचंय. गिरनारच्या लेखाचं वाचन भाऊंच्या नावानं छापलं गेलं, ठसे उतरवले होते भगवानलालनं. भाऊंनी त्यांचं नाव लपवलं असं नाही, छापलेल्या मजकुरात ते आहे. पण मान्यता मोठ्या नावाकडे वाहते हे तेव्हाही तसंच होतं. भाऊ गेल्यावर मात्र भगवानलाल स्वतःच्या नावानं उभे राहिले. इंग्रजी बेताचंच, लिहायचे गुजरातीत, ब्यूलर नावाचा जर्मन पंडित त्याचं भाषांतर करायचा. नाणेघाटाच्या लेखातले जुने आकडे, ओरिसातल्या खारवेल राजाचा लेख, नेपाळचे लेख. हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं वाळकेश्वरच्या या माणसाला मानद डॉक्टरेट दिली.

आणि १८८२ ला नालासोपारा. हो तेच, विरार लोकलमधनं उतरायला जिथे दादरपासून दाराशी उभं राहावं लागतं. तिथे बुरुड राजाचा कोट म्हणून एक टेकाड होतं, ते भगवानलालांनी खणलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा, आणि सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे चिमुकले तुकडे. भोवती आठ बुद्धमूर्ती. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकानं दगडांवर कोरवलेल्या आज्ञांपैकी आठवीचा तुकडाही मिळाला. म्हणजे शूर्पारक बंदर, सोपाऱ्याचं जुनं नाव, काही पुराणातलं गाव नव्हतं, आपल्या वेस्टर्न लाइनवर होतं.

एक गोष्ट मला खटकते तीही सांगतो. मथुरेचा तो सिंह त्यांनी मृत्युपत्रात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. आजही तिथेच आहे. चिडायला होतं, पण मग फोर्टातलं ते बाहेर फेकलेलं सामान आठवतं आणि त्यांचा भरवसा का बसला नसेल तेही कळतं.

१६ मार्च १८८८ ला भगवानलाल गेले, इथेच वाळकेश्वरला. भाऊंना रस्ता मिळाला जिथे ते कधी राहिले नाहीत तिथे, यांना मिळाला स्वतःच्या आळीत. दोन्ही पाट्यांमध्ये पाऊण तासाचं ट्रॅफिक.

गंमत बघा, त्याच १८८८ ला भाऊंच्या लेखांचं पुस्तक कलकत्त्याला निघालं आणि त्याच १८८८ ला मुंबई महापालिकेचा कायदा आला, ज्याच्या कलम ३२३ खाली आजही रस्त्यांना नावं देतात, पाट्या लावतात, आणि पाटी खराब करणाऱ्याला दंडही त्यातच.

हे कलम आम्हाला पाठ व्हायचं कारण आमचे सर. परळला आमच्या चाळीत राहायचे, गिरणीत क्लार्क, इतिहासाची डिग्रीबिग्री काही नाही. दर रविवारी आम्हा पोरांना कुठल्या तरी दगडापुढे उभं करायचे आणि म्हणायचे, वाच. ते गेल्यावर आम्ही नाक्याच्या चौकाला त्यांचं नाव द्यायला अर्ज केला. अर्ज फिरला, एका टेबलावरनं दुसऱ्यावर, आधी फोटो हवा, मग कार्याचा अहवाल हवा, मग फाइलच सापडेना. शेवटी त्यांची मुलगी, आमची ताई, म्हणाली सोडा रे, बाबांना चौक नको होता, ते भाऊ दाजींच्या पाटीखाली उभे राहून दर वेळी एकच कुरकुर करायचे, तेवढी मिटवा.

कुरकुर काय होती? परत गिरनारला चला. रुद्रदामनच्या त्या लेखात, इसवी सन १५० च्या सुमाराचा, सुदर्शन तलावाचा बांध वादळात फुटला त्याची हकिकत आहे. आणि त्यात नावं आहेत. तलाव बांधवला चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्यानं, पुष्यगुप्तानं, पाट काढले अशोकाचा कारभार बघणाऱ्या तुषास्फानं, आता दुरुस्त केला रुद्रदामनच्या अमात्यानं, सुविशाखानं. वर राजा सांगतो की लोकांवर कर किंवा वेठ न लादता खर्च स्वतःच्या तिजोरीतनं केला. (आपल्याकडे संडासाच्या भिंतीवर "अमुक यांच्या निधीतून" असतं, त्याची आद्य पाटी म्हणा.) सर म्हणायचे, अठराशे वर्षांपूर्वीच्या पाटीवर कोणी काय केलं ते लिहिलंय, आणि ज्यानं ती पाटी वाचली त्याच्या पाटीवर नुसतं नाव आणि रोड. पुण्यात घरांवर दोन ओळी लिहितात ना, इथे अमुक राहत होते, तेवढं तरी लिहा.

पालिकेच्या पाटीला हात लावला तर कलम ३२३. म्हणून माटुंग्यात एका सोसायटीनं आणि वाळकेश्वरला एका दुकानदारानं स्वतःची भिंत दिली.

(पेंटर शिडीवर. खाली ताई, हातात वहीचं पान.)

पेंटर अक्षरामागे पैसे घेतो, त्यामुळे ताईनं काटछाट करून करून मजकूर इथवर आणला. माटुंग्याला: "डॉ. भाऊ दाजी लाड. गरिबांचे डॉक्टर. शिलालेख वाचले. राणीच्या बागेतलं म्युझियम उभं करायला झटले." वाळकेश्वरला: "पंडित भगवानलाल. जुनागढहून आले. देशभर फिरून लेख उतरवले. सोपाऱ्याचा स्तूप शोधला. इथेच राहत होते."

माटुंग्याची भिंत कालच झाली. वाळकेश्वरला पेंटर अडून बसलाय, कारण पाटीवर आहे इंद्रजित आणि पुस्तकांत बहुतेक ठिकाणी इंद्रजी. ताई दोन पुस्तकं उघडून फुटपाथवर बसलीय आणि शिडीवरनं तिसऱ्यांदा विचारणा होतेय, "ताई, तो शेवटचा त ठेवायचा का काढायचा ते सांगा, रंग सुकतोय."